स्लॉट मोठा, तिरका किंवा फाटका येतोय? एमएससाठी नवा कटर घेण्याआधीची तपासणी

माइल्ड स्टील (एमएस) नरम, म्हणून मिलिंग मशीनवर त्यात स्लॉट, म्हणजे खाच, मारणं सोपं, असा समज आहे. पण इथे नरमपणाच त्रास देतो. लोखंड धारेला चिकटतं, चिप चिवट निघते, आणि कटरच्या तिन्ही बाजूंना माल असल्यामुळे त्या चिपला बाहेर पडायला वरचीच काय ती वाट उरते. स्लॉट बिघडला की कटरला दोष देऊन नवा मागवला जातो. नव्या धारेवर दोन-चार जॉब बरे जातात आणि मग तेच दुखणं पुन्हा सुरू होतं. कारण दोष बहुतेक वेळा पकडीत, कटरच्या बाहेर काढलेल्या लांबीत किंवा दातांच्या संख्येत असतो, आणि त्यातलं काहीच बदललेलं नसतं.

खाली सगळीकडे एकच जॉब धरला आहे: २५ मिमी ब्राइट बारच्या शाफ्टवर ८ मिमी रुंद, ४ मिमी खोल, ४० मिमी लांब, दोन्ही टोकं बंद असलेला कीवे, म्हणजे चावी बसायची खाच. २२ ते ३० मिमी व्यासाच्या शाफ्टला प्रमाणित चावी ८ बाय ७ चीच लागते. चावी घट्ट बसवायची असेल तर रुंदी पी९ या प्रमाणित मापमर्यादेत, म्हणजे ७.९४९ ते ७.९८५ मिमी हवी. साधारण बसवणीला एन९, म्हणजे ७.९६४ ते ८.००० मिमी. खेळायला एवढीच जागा आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

लक्षणं

- स्लॉट वरपासून खालपर्यंत सारखाच मोठा येतो. चावी हाताने आत पडते.
- वर माप बरोबर, पण तळ एका बाजूला सरकलेला. भिंती तिरक्या.
- सुरुवातीला खोली ४ मिमी, दुसऱ्या टोकाला ४.३.
- भिंत फाटल्यासारखी, खरखरीत. कटरच्या धारेवर लोखंडाचा बारीक गोळा चिकटलेला.
- कर्कश आवाज आणि भिंतीवर सारख्या अंतरावर उठलेल्या लाटा.
- खाली उतरवताना कटर आत जात नाही, लाल होतो किंवा तिथेच तुटतो.
- काही जॉबनंतर कटरचे कोपरे उडालेले, बाकी धार शाबूत.

यातलं कोणतं लक्षण आहे ते आधी नीट ठरवा. पहिल्या दोनांमध्ये नेहमी गल्लत होते. सारखाच मोठा स्लॉट म्हणजे कटर डुलत फिरतोय. तिरका स्लॉट म्हणजे एकतर कटर वाकतोय, नाहीतर हेड (स्पिंडल धरणारा मशीनचा वरचा भाग) काटकोनात नाही. दोन्हींचे इलाज वेगळे आहेत.

१. माप बरोबर घेतलंय का?

याला एक पैसाही लागत नाही, आणि निम्मी भांडणं इथेच मिटतात. गोल शाफ्टवर कीवेची ४ मिमी खोली शाफ्टच्या माथ्यापासून धरतात. स्लॉट मारला की तो माथा कापून जातो. २५ मिमीच्या शाफ्टवर ८ मिमी रुंदी कापली की स्लॉटची कड माथ्यापेक्षा ०.६६ मिमी खाली असते. डेप्थ गेज त्या कडेवर टेकवलं तर बरोबर कापलेला स्लॉटही ३.३४ दाखवतो. मग ऑपरेटर अजून ०.६६ खाली जातो, आणि शाफ्ट भंगारात.

मायक्रोमीटर किंवा व्हर्नियरने शाफ्टच्या खालच्या बाजूपासून स्लॉटच्या तळापर्यंत मोजा. २१.० ते २०.८ मिमी आलं की खोली बरोबर.

लांबीतही अशीच चूक होते. ४० मिमी लांब स्लॉटसाठी टेबल ४० नाही, ३२ मिमी सरकवायचं. उरलेले ८ मिमी कटरचा स्वतःचा व्यास भरून काढतो.

२. कॉलेट आणि पकड

स्लॉटची खोली जाताजाता वाढत असेल तर थेट इथे या. नेहमीच्या एंड मिलचा (टोकाने आणि बाजूने कापणाऱ्या कटरचा) हेलिक्स, म्हणजे दातांचा पीळ, उजवा आणि फिरणंही उजवं, त्यामुळे कापताना कटर स्क्रूसारखा खाली ओढला जातो. पकड जराही सैल असली तर तो कॉलेटमधून (कटर आवळून धरणाऱ्या चिरांच्या नळीतून) हळूहळू बाहेर येतो. खात्री करायला कॉलेटच्या तोंडापाशी शँकवर (कटरच्या बिनदातांच्या दांड्यावर) मार्करची रेघ मारा. एक स्लॉट मारा. रेघ खाली आली तर कारण सापडलं.

मग हे क्रमाने करा:

कॉलेट, नट आणि होल्डरचा टेपर (निमुळता भाग) पुसा. तिन्ही कोरडे हवेत. शँकवर कूलंटचा थर राहिला तरी पकड घसरते. टेपरवर अडकलेली एक बारीक चिप कटरला डुलवायला पुरेशी असते.

ईआर कॉलेट आधी नटमध्ये तिरपा घालून टक् आवाज येईपर्यंत बसवा, आणि मगच नट होल्डरवर चढवा. कॉलेट होल्डरमध्ये टाकून वरून नट फिरवण्याची सवय फार ठिकाणी आहे. तसं केलं की नटाच्या आतली कड कॉलेटच्या खाचेत बसत नाही आणि आवळताना कॉलेट एका बाजूला दाबला जातो. नट घट्ट लागतो, कटर मात्र वाकडा फिरतो. शिवाय उघडताना कॉलेट आत अडकून बसतो तो वेगळाच त्रास.

शँक कॉलेटच्या किमान दोन-तृतीयांश लांबीत आत हवा. ईआर३२ कॉलेट ४० मिमी लांब असतो, म्हणजे २७ मिमीच्या आसपास शँक आत गेलाच पाहिजे. तोंडाशी दहा-पंधरा मिमीवर पकडलेला कटर सरळ राहत नाही आणि कॉलेटचं तोंडही कायमचं फाकतं.

ड्रिल चकमध्ये एंड मिल पकडू नका, एका जॉबपुरतीही नाही. ड्रिल चक खालून वर येणाऱ्या दाबासाठी केलेला असतो. बाजूच्या दाबाने त्याचा टेपर सुटतो आणि फिरता कटर चकसकट खाली येतो.

३. कटर किती बाहेर आहे?

हीसुद्धा फुकटची तपासणी. तिरक्या भिंती आणि लाटा, दोन्हींचं सर्वांत मोठं कारण इथे असतं. कटरचं वाकणं बाहेर काढलेल्या लांबीच्या घनाने वाढतं. २० मिमीऐवजी ३० मिमी बाहेर काढला की वाकणं सुमारे ३.४ पट, ४० मिमी काढला की ८ पट. व्यासाचा परिणाम याहून मोठा, तो चौथ्या घाताने येतो. तेवढ्याच लांबीत १० मिमीचा कटर ८ मिमीच्या कटरपेक्षा जवळजवळ अडीचपट ताठ असतो.

४ मिमी खोल कीवेसाठी २० मिमी बाहेर पुष्कळ झालं. नट जॉबला किंवा वाइसला लागतोय म्हणून कटर खाली ओढू नका, जॉब पॅरललवर (सारख्या उंचीच्या पट्ट्यांवर) वर घ्या. लाँग सिरीजचा कटर ‘पुढे कामाला येईल’ म्हणून विकत घेऊन उथळ स्लॉटला वापरणं हाही तोट्याचा सौदा आहे. ज्या कामाला खरोखर खोली हवी, त्यालाच तो लावा.

४. डायल लावा

कॉलेटमध्ये कटरऐवजी ८ मिमीची डॉवेल पिन पकडा, गिअर न्यूट्रलला टाका आणि स्पिंडल हाताने फिरवत लिव्हर डायलने (किती हलतं ते दाखवणाऱ्या सुईच्या गेजने) बघा. पिन घ्यायची कारण कटरच्या फ्लूटवर (दातांमधल्या खाचांवर) सुई उड्या मारते आणि काही कळत नाही. नटापासून २० मिमी खाली, म्हणजे जिथे कटर कापणार तिथेच वाचन घ्या.

सुई जेवढी हलते, जास्तीत जास्त तेवढाच स्लॉट मोठा येतो. ०.०१ ते ०.०१५ मिमी चालेल. ०.०४ आली तर ७.९६ मिमीचा कटर ८.०० चा स्लॉट देणार, म्हणजे पी९ गेलाच आणि एन९ काठावर. सुई जास्त हलत असेल तर पिन अर्ध्या फेऱ्याने फिरवून पुन्हा पकडा. मग दुसरा कॉलेट लावून बघा. कॉलेट बदलल्यावर सुई शांत झाली तर जुना कॉलेट फेकून द्या, ‘रफिंगला ठेवू’ म्हणून ड्रॉवरमध्ये परत टाकू नका. तो पुन्हा कुणाच्या तरी हाती लागतोच.

५. जॉब आणि टेबल

गोल शाफ्ट साध्या वाइसमध्ये दोन रेषांवर धरला जातो आणि कटरच्या ओढीने फिरतो. व्ही-ब्लॉक घ्या, किंवा व्ही खाच असलेला जबडा लावा. लांब शाफ्टचं मोकळं टोक अधांतरी सोडू नका, त्याखाली जॅक द्या.

एक्स दिशेने कापताना वाय आणि नी (टेबल वर-खाली करणारा भाग) लॉक करा. क्विल (स्पिंडलची खाली-वर सरकणारी नळी) जेवढी वर घेता येईल तेवढी घेऊन तीही लॉक. लॉकचे हे लिव्हर मशीनवर असतात, पण वेळ वाचवायला म्हणून कुणी ते आवळत नाही. मोकळं राहिलेलं टेबल गिबमधल्या (सरकपट्टीच्या पाचरीतल्या) फटीएवढं सरकतं, आणि कीवे शाफ्टच्या मध्यापासून सरकलेला मिळतो.

६. गती, फीड, खोली

एचएसएस (हाय-स्पीड स्टील) कटरला एमएसमध्ये पूर्ण रुंदीच्या स्लॉटसाठी कापण्याची गती मिनिटाला २५ मीटरच्या आसपास धरा. फेरे काढायचं सूत्र सोपं: ३१८ गुणिले गती भागिले व्यास. ८ मिमीला १००० फेरे, १० मिमीला ८००, १२ मिमीला ६६०. दाताला ०.०३ मिमी फीड धरली तर ८ मिमीच्या दोन दातांच्या कटरला मिनिटाला ६० मिमी, म्हणजे आपला ३२ मिमीचा प्रवास अर्ध्या मिनिटात. एका पासची खोली व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको. हलक्या मशीनवर ४ मिमी खोली २-२ मिमीच्या दोन पासमध्ये काढा.

कटर जपायचा म्हणून फीड अगदी हळू ठेवण्याची चूक सर्रास होते. फीड दाताला ०.०१ मिमीच्या खाली गेली की दात कापत नाही, नुसता घासतो. तापतो, कोपरे बोथट होतात. पुरेशा फीडवर कटर जास्त टिकतो.

७. चिप आणि कूलंट

स्लॉटमध्ये साचलेली चिप कटर पुन्हा कापतो. फाटलेली भिंत आणि उडालेले कोपरे हा त्याचाच प्रसाद. एचएसएसला सोल्युबल ऑइलची भरपूर धार स्लॉटच्या मागच्या बाजूने द्या, म्हणजे चिप बाहेर ढकलली जाते. एका भागाला पंधरा ते वीस भाग पाणी. पंप नसेल तर ब्रशने कटिंग ऑइल लावा आणि प्रत्येक पासनंतर मशीन थांबवून स्लॉट साफ करा. ब्रशनेच, बोटाने नाही. फिरत्या कटरजवळ हातमोजे घालू नका.

कार्बाइडचं गणित वेगळं. त्याला कूलंट द्यायचं तर अखंड, नाहीतर फक्त हवा. तापलेल्या कार्बाइडवर मधूनच थेंब पडले की धारेला बारीक तडे जातात, आणि नंतर ती तुकड्यांनी निघते.

८. आता कटर: योग्य जातीचा आहे का?

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच कटरवर खर्च करायचा.

पहिला प्रश्न दातांचा. मापाच्या स्लॉटला दोन दातांचा स्लॉट ड्रिल घ्या. पूर्ण रुंदीच्या स्लॉटमध्ये चिप भिंतीपाशी जवळजवळ शून्य जाडीची असते आणि समोर मधोमध सर्वांत जाड. दोन दातांच्या कटरमध्ये एक दात डाव्या भिंतीवर असतो तेव्हा दुसरा नेमका उजव्या भिंतीवर, म्हणजे भिंत बनते त्या क्षणी कटरवर ताण कमी असतो. चार दातांमध्ये दोन भिंतींवर असताना तिसरा समोरची जाड चिप कापत असतो आणि कटरला बाजूला ढकलत असतो. भिंत त्या ढकललेल्या जागी कापली जाते. हेलिक्समुळे हा फरक थोडा पसरतो, पण जात नाही. शिवाय दोन दातांमध्ये चिपला जागा जवळजवळ दुप्पट मिळते. चार दातांचा कटर बाजू फिनिश करायला उत्तम. बंद स्लॉट एका दमात काढायला नाही.

दुसरा प्रश्न मापाचा. स्लॉट ड्रिल मुद्दाम किंचित लहान, ई८ मध्ये बनवलेला असतो: ८ मिमीचा ७.९५३ ते ७.९७५. त्यात थोडं डुलणं मिळवलं की स्लॉट बरोबर पी९ मध्ये येतो. साधी एंड मिल त्या सहनशीलतेत असेलच असं नाही, म्हणून नव्या कटरचा व्यासही मायक्रोमीटरने बघा. तीन दातांचा कटर साध्या मायक्रोमीटरने मोजता येत नाही, समोरासमोर दातच नसतात. बाहेरून घासून पुन्हा धार लावलेला कटर लहान झालेला असतो. तो रफिंगला ठेवा आणि शँकवर रंगाची खूण करा.

तिसरा, तोंड. कटर उलटा करून बघा. निदान एक धार मध्यापर्यंत, जरा पलीकडे गेलेली असली तरच तो सरळ खाली उतरू शकतो. मध्यात भोक असलेली एंड मिल सरळ खाली दाबली की मधला माल कापलाच जात नाही, त्यावर कटर घासत बसतो. ‘कटर लाल होतो’ ही तक्रार हमखास हीच. दुसरा कटर नसेल तर सुरुवातीच्या जागी ७.५ मिमीचं ड्रिल ३.८ मिमीपर्यंत मारा, किंवा दोन-तीन अंशांच्या उतारावर आत शिरा. ड्रिलची खोली टोकापासून धरा, नाहीतर स्लॉटच्या तळाला खड्डा राहतो.

चौथा, एचएसएस की कार्बाइड. मशीनचे सर्वांत वरचे फेरे १८०० असतील तर ८ मिमीचा कार्बाइड मिनिटाला ४५ मीटरच गाठतो. एमएससाठी त्याला ८० ते १०० लागतात, म्हणजे ३२०० ते ४००० फेरे. कमी गतीत लोखंड धारेला चिकटतं, आणि ते सुटताना कार्बाइडचा कण घेऊन सुटतं. गिबमध्ये फट असलेलं मशीनही कार्बाइडला सोसत नाही. अशा मशीनवर साधा एम२ एचएसएस पुरेसा आहे. काळी पपडी असलेला माल किंवा ईएन८ (एमएसपेक्षा कडक, मध्यम कार्बनचं स्टील) असेल तर ५ टक्के कोबाल्टचा एम३५. ताठ, वेगवान सीएनसीवर मात्र टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम-नायट्राइड कोटिंगचा कार्बाइड निःसंशय घ्या.

दुकानात कार्बाइड कटरवर ४५, ५५, ६५ एचआरसी (कडकपणाचं एकक) लिहिलेलं असतं. तो आकडा कोणत्या कडकपणाच्या मालासाठी कटर आहे ते सांगतो. एमएसला ६५ चा कटर म्हणजे जास्त चांगला असं नाही, उलट तो ठिसूळपणाकडे झुकतो. अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत, बिनकोटिंगचा, जास्त हेलिक्सचा कटर तर लावूच नका. त्याची धार पातळ असते, स्टीलमध्ये पहिल्याच पासला उडते.

रुंदी खूप काटेकोर हवी असेल तर एका पासवर विसंबू नका. १२ मिमीचा स्लॉट १० मिमीच्या कटरने मधून काढा, मग दोन्ही भिंती स्वतंत्र हलक्या पासने फिनिश करा. आडव्या मिलिंगवर आरपार, लांब, सरळ स्लॉट असेल तर साइड अँड फेस कटर लावा. खोल स्लॉटला उलटसुलट कललेल्या दातांचा घेतला की चिप अरुंद निघते आणि अडकत नाही.

९. माल खरंच एमएस आहे का?

गॅस कटिंगची कड एक-दोन मिमीपर्यंत कडक झालेली असू शकते, आणि काळी पपडी धारेला सँडपेपरसारखी घासते. कटर जिथून आत शिरणार तिथली कड आणि पपडी आधी ग्राइंडरने काढा. कानस मारून बघा. ती घसरत असेल तर तिथे कटर घालू नका. भंगारातून आणलेला शाफ्ट बहुतेकदा एमएस नसून ईएन८ किंवा त्याहून कडक असतो. ईएन८ ला गती पाव हिश्शाने कमी करा.

१०. हेड सरळ आहे का?

तिरका स्लॉट अजूनही येत असेल तर भंगारच्या तुकड्यावर दोन स्लॉट मारा. एक डावीकडून उजवीकडे, दुसरा उलट दिशेने. कटर जातो त्या दिशेला तोंड करून पाहिलं तर वाकणारा कटर डावीकडे ढकलला जातो, त्यामुळे दिशा उलटली की तिरकेपणाही मशीनच्या दुसऱ्या बाजूला जातो. तो एकाच बाजूला राहिला तर दोष कटरचा नाही, हेड कललेलं आहे. मग स्पिंडलला डायल बांधून टेबलवर मोठा गोल फिरवा आणि चारही बाजूंचं वाचन ०.०२ मिमीच्या आत येईपर्यंत हेड जुळवा. बोल्ट आवळल्यावर पुन्हा बघा, आवळताना हेड हमखास हलतं.

इथे थांबा

होल्डर काढा आणि स्पिंडलच्या टेपरच्या आत डायल लावा. साफ टेपरमध्येही सुई ०.०१ मिमीहून जास्त हलली, तर मशीन दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. लाकडी दांड्याने स्पिंडल बाजूला रेटल्यावर डायल ०.०२ सरकून परत येत असेल, किंवा अर्ध्या तासात स्पिंडलच्या तोंडावर हात ठेवता येत नसेल, तर बेअरिंग गेलं आहे. ते स्वतः उघडू नका. बेअरिंगची जोडी जुळवलेली असते आणि ठरावीक ताणावर बसवलेली असते. चुकीच्या ताणावर बसवलेलं नवं बेअरिंगही थोड्याच दिवसांत जळतं.

टेबलचं हँडल पाव फेऱ्याहून जास्त मोकळं फिरत असेल तर लीड स्क्रूच्या नटाचं काम फिटरचं. ते होईपर्यंत फीडच्याच दिशेने दात फिरतील असा कट घेऊ नका, कटर टेबल ओढून घेतो. ड्राइव्ह ट्रिप होत असेल, फेरे आपोआप कमी-जास्त होत असतील तर इलेक्ट्रिशियन.

कोपऱ्यावर ०.२ मिमीची चमकती पट्टी दिसली की एचएसएस कटर टूल अँड कटर ग्राइंडरवाल्याकडे द्या. बेंच ग्राइंडरवर हाताने दोन्ही दात सारखे येत नाहीत. एकच दात कापतो आणि स्लॉट मोठा येतो. आणि सगळं तपासूनही एकाच जॉबवर लागोपाठ दोन कटर तुटले, तर तिसरा लावू नका. तुटलेला तुकडा स्लॉटमध्ये राहिला असेल तर तो स्पार्क मशीनवाल्याकडून काढून घ्या. त्यावरून दुसरा कटर चालवला तर तोही जातो, आणि उडालेला कार्बाइडचा तुकडा थेट डोळ्याकडे येतो.